सद्भावनेला व्यवस्थेची साथ : स्वयंसेवी मार्गदर्शक आणि बालक



‘मेंटॉर’ हा शब्द आता मराठी वृत्तपत्रांतूनही रूढ झाला आहे. त्याचे मूळ होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात सापडते. ट्रॉयच्या युद्धावर निघताना राजा ओडिसियसने आपले घरदार ज्या जुन्या मित्राच्या स्वाधीन केले, त्याचे नाव मेंटॉर. राजा वीस वर्षे परतला नाही. त्याचा पुत्र टेलेमॅकस पित्याच्या सहवासाविना वाढला आणि कसोटीच्या प्रसंगी देवी अथीना मेंटॉरचेच रूप धारण करून त्याच्या पाठीशी उभी राहिली, अशी ती कथा आहे. रक्ताचे नाते नसताना मुलाच्या शेजारी उभा राहणारा वडीलधारा माणूस, असा या शब्दाचा मूळ भाव होय. शिकवणीचे गुरुजी, शुल्क भरणारा दाता आणि व्यासपीठावरून उपदेश करणारा वक्ता या तिघांहून तो वेगळा आहे. त्याला ‘मार्गदर्शक मित्र’ असे म्हणता येईल.

वडिलांचे छत्र हरपलेले मूल, आई दिवसभर कामावर असल्याने एकटे पडलेले मूल, गावाहून शिक्षणासाठी शहरात आलेले मूल, अशी मुले प्रत्येक वस्तीत असतात. त्यांना वह्या-पुस्तके, गणवेश, शिष्यवृत्ती देण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे आणि ती अभिमानास्पदही आहे. परंतु वेळ देणे हे वस्तू देण्यापेक्षा अवघड असते. दिलेली वही संपली तर दुसरी आणता येते. दिलेला शब्द मोडला तर त्याची भरपाई करता येत नाही. म्हणूनच मुलांसाठी मार्गदर्शक मित्र नेमू पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेने एक प्रश्न आधी सोडविला पाहिजे : स्वयंसेवकाची सद्भावना वर्षभर टिकावी यासाठी त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? या प्रश्नाचे उत्तर देणारा शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव जगापाशी आहे. त्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

चळवळीचा उगम

अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात १९०२ साली मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले. त्या न्यायालयात अर्नेस्ट कूल्टर नावाचे एक लिपिक होते. चोरी, भटकेपणा अशा कारणांनी पकडून आणलेली मुले त्यांच्या डोळ्यांसमोरून रोज जात असत. यांतील बहुतेक मुलांना शिक्षेची नव्हे, तर चांगल्या मोठ्या माणसाच्या सहवासाची गरज आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. १९०४ च्या डिसेंबर महिन्यात त्यांनी शहरातील प्रतिष्ठित गृहस्थांच्या एका सभेपुढे ही व्यथा मांडली आणि प्रत्येकाने एका मुलाचा थोरला भाऊ व्हावे, असे आवाहन केले. सुमारे चाळीस जण पुढे आले. त्याच सुमारास मुलींसाठी थोरल्या बहिणींचे कार्यही सुरू झाले होते. पुढे १९७७ साली हे दोन प्रवाह एकत्र आले आणि ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ऑफ अमेरिका’ ही संस्था आकारास आली. एका मुलामागे एक मोठा माणूस, ही तिची रीत आजही कायम आहे.

‘दादा’ आणि ‘ताई’ ही आपल्या घराघरांतील संबोधने. परक्याच्या मुलाने एखाद्याला मनापासून ‘दादा’ म्हणणे ही काय जबाबदारी असते, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

सद्भावनेची परीक्षा

चांगल्या हेतूने केलेल्या कामाचा परिणाम चांगलाच होणार, असे गृहीत धरण्याची सवय सार्वजनिक कार्यात सर्वत्र आढळते. या समजुतीला मोठा धक्का देणारा एक प्रयोग अमेरिकेतच झाला. बॉस्टनजवळील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या प्रेरणेने १९३९ साली एक उपक्रम हाती घेण्यात आला. परिस्थितीने सारख्या अशा दोन-दोन मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि त्यांतील एकाला समुपदेशकाचा सहवास, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे अशी सर्व मदत देण्यात आली, दुसऱ्याला नाही. एकूण ५०६ मुलगे या अभ्यासात होते. समुपदेशक पगारी होते, मनाने चांगले होते, आणि हे कार्य सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ चालले. १९४५ मध्ये ते थांबले.

सुमारे तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या विदुषींनी त्या सर्वांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी अनेकांनी आपल्या समुपदेशकांची आठवण प्रेमाने काढली. आपले भले झाले असेही सांगितले. मात्र १९७८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वेगळेच होते. मदत मिळालेला गट कोणत्याही बाबतीत सरस ठरला नव्हता. मद्यपान, मानसिक आजार, पुन्हा घडलेले गुन्हे अशा काही बाबतींत तर तो मागेच पडला होता. पुढील अभ्यासात असेही दिसून आले की, जे मुलगे उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा गेले होते, त्यांच्यात ही हानी विशेष होती. अडचणीतील मुलांना पुरेशा देखरेखीविना एकत्र ठेवले, तर ती एकमेकांचे दुर्गुण उचलतात, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.

याची दुसरी बाजू आशादायक आहे. १९९५ साली जोसेफ टिअर्नी आणि जीन ग्रॉसमन यांनी ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’च्या कार्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ शाखांतील १० ते १६ वयोगटातील ९५९ मुले त्यात होती. निम्म्यांना लगेच मार्गदर्शक मित्र मिळाला, निम्म्यांना दीड वर्ष थांबावे लागले. या जोड्या महिन्यातून साधारण तीन वेळा, प्रत्येक वेळी तीन-चार तास भेटत असत. दीड वर्षानंतर पाहिले असता, मार्गदर्शक मिळालेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना प्रथमच स्पर्श करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि मद्याला स्पर्श करण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होते. शाळा बुडविण्याचे दिवसही निम्म्यावर आले होते.

मग एक प्रयत्न फळाला आला आणि दुसरा का नाही? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर २००२ साली मिळाले. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी याच मुलांच्या माहितीची फेरतपासणी केली आणि कोणती जोडी किती काळ टिकली याकडे लक्ष दिले. ज्या जोड्या वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकल्या, त्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला. ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत मोडल्या, त्यांतील मुलांचा आत्मविश्वास आणि अभ्यासाविषयीचा विश्वास आधीपेक्षा खालावलेला आढळला. ज्या मुलाला आधीच कोणी सोडून गेलेले आहे, त्याला आणखी एक मोठा माणूस सोडून जातो, तेव्हा ते मूल त्याचा दोष स्वतःकडे घेते. म्हणजे अर्ध्यावर सोडलेले मार्गदर्शन हे काहीच न करण्यापेक्षा घातक ठरू शकते. या विषयातील ही सर्वांत गंभीर गोष्ट होय.

जवळचे उदाहरण

कूल्टर यांच्या आवाहनाच्या आगेमागेच महाराष्ट्रातही परक्या मुलांना आपलेसे करण्याचे कार्य वेगळ्या मार्गाने उभे राहत होते. १९०१ पासून कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. तेथील जैन वसतिगृहात विद्यार्थिदशेत राहिलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटील यांनी पुढे १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रमाची कामेही मिळूनच करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले.

कर्मवीर अण्णांना मुलांचा पिता म्हणण्याची रीत आहे. तेथील मुलांची आई झाल्या त्या लक्ष्मीबाई. मुलांच्या पोटात अन्न पडावे म्हणून त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले, हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. हा त्याग वंदनीयच आहे. परंतु त्या कार्याची शिकवण त्यागापुरती मर्यादित नाही. रोजची ठरलेली कामे, मुलांचा स्वयंपाकातील वाटा, प्रत्येक मुलाच्या घरची माहिती, स्वावलंबनाचा नियम ही त्या वसतिगृहाची घडी होती. माया होती म्हणून मुले आली आणि घडी होती म्हणून ती टिकली. सर्वांना लक्ष्मीबाई होता येणार नाही. म्हणूनच सामान्य संसारी माणसालाही आपला शब्द पाळता यावा, अशी घडी संस्थेने बसवून द्यावी लागते.

नाते कशाने जुळते?

नवा स्वयंसेवक पहिल्या दिवशी मुलासमोर बसतो, तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो : आता बोलायचे काय? मग तो अभ्यासाची चौकशी करतो, गुण विचारतो, चार उपदेशाच्या गोष्टी सांगतो. मूल मान डोलावते आणि पुढच्या वेळी येण्याचे टाळते. १९९५ सालीच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’च्या ८२ जोड्यांशी सविस्तर बोलणे झाले. त्यांत दोन प्रकारचे मार्गदर्शक आढळले. काहींनी मुलाला सुधारण्याचे उद्दिष्ट आधीच ठरवून घेतले होते. काहींनी प्रथम मैत्री केली, मुलाला काय आवडते ते विचारले आणि उपदेश मागे ठेवला. दुसऱ्या प्रकारच्या जोड्या मोठ्या प्रमाणावर टिकल्या. पहिल्या प्रकारच्या बहुतांश जोड्या मोडल्या. विशेष म्हणजे, मैत्री पक्की झाल्यावर मुलेच आपणहून शाळेतील अडचणी सांगू लागली.

म्हणून उपक्रमांची निवड करताना ‘शिकवण’ मागे आणि ‘सोबत’ पुढे ठेवावी. दोघांनी शेजारी बसून एकाच कामात हात घालावा, म्हणजे बोलणे आपोआप निघते. असे साधे उपक्रम कोणालाही करता येतील.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओळखीचे उपक्रम असावेत. कॅरम, बुद्धिबळ, पतंग बांधणे, मातीच्या कुंडीत मेथी-कोथिंबीर पेरणे, मुलाच्या वस्तीचा नकाशा त्याच्याकडूनच काढून घेणे. नकाशात मूल आपली शाळा दाखवते, नळ दाखवते, मित्राचे घर दाखवते आणि कोणत्या गल्लीतून जायला भीती वाटते तेही दाखवते.

त्यानंतर व्यवहाराचे उपक्रम घ्यावेत. भाजीबाजारात जाऊन शंभर रुपयांत चौघांच्या जेवणाची भाजी आणणे आणि हिशेब लिहिणे, एस.टी. स्थानकावरील वेळापत्रक वाचून प्रवास ठरविणे; टपाल कार्यालयात बचत खात्याचा अर्ज भरणे; सायकलचे पंक्चर काढणे. गणितात मागे असणारी अनेक मुले हिशेबात हुशार निघतात. त्यांची ही हुशारी कोणीतरी पाहिली, एवढ्यानेही त्यांची मान ताठ होते.

पुढच्या टप्प्यावर शोधाचे उपक्रम येतात. मुलाने आपल्या आजीची वा शेजारच्या वयस्क कारागिराची मुलाखत घ्यावी. एकाच झाडाची वर्षभर नोंद ठेवावी. ग्रंथालयाचे सभासदत्व स्वतः अर्ज करून मिळवावे. इयत्ता आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. परीक्षेचा अर्ज वेळेत भरण्याची आठवण करून देणारे कोणी नसल्यामुळे अनेक मुलांची संधी हुकते. हे काम एक मार्गदर्शक मित्र सहज करू शकतो.

सहली आणि शिबिरे वर्ज्य नाहीत. मात्र केंब्रिज-सॉमरव्हिलचा धडा लक्षात ठेवून तेथे प्रत्येक मुलाबरोबर त्याचा दादा वा ताई असावी. शंभर मुले आणि चार देखरेखकर्ते, असा मेळा भरवून छायाचित्रे चांगली येतात. कार्य होत नाही.

स्वयंसेवकाच्या पाठीशी

२००२ साली डेव्हिड ड्युबॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्गदर्शन उपक्रमांच्या ५५ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेतला. असे उपक्रम सरासरीने थोडाच लाभ देतात, असे त्यांना आढळले. पण जेथे स्वयंसेवकांना काम सुरू झाल्यावरही प्रशिक्षण मिळत राहिले, भेटी किती व कशा व्हाव्यात हे आधी स्पष्ट ठरले, जोड्यांसाठी आखलेले उपक्रम होते, पालकांना सामील करून घेतले आणि कोणीतरी सतत विचारपूस करीत राहिले, तेथे लाभ लक्षणीय वाढला. म्हणजे मुलाचे हित स्वयंसेवकाच्या आधारावर अवलंबून असते.

अमेरिकेतील ‘मेंटॉर’ या संस्थेने १९९० पासून या कार्याची मानके प्रसिद्ध केली आहेत. २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत ती सहा आहेत : स्वयंसेवकांचा शोध, त्यांची पारख, प्रशिक्षण, जोडी जुळविणे, देखरेख व आधार, आणि समारोप. भारतातही बंगळुरू येथे २००९ साली ‘मेंटॉर टुगेदर’ ही संस्था सुरू झाली आणि गरीब घरांतील मुलांसाठी असे कार्य करू लागली. लहान गावातील लहान संस्थेलाही या सहा पायऱ्या आपल्या आवाक्यात आणता येतील.

प्रथम, स्वयंसेवकाकडून वर्षभराचा शब्द घ्यावा. तोही त्याच्या कुटुंबीयांच्या उपस्थितीत. ज्याची बदली ठरलेली आहे, ज्याच्या घरी लग्न वा आजारपण आहे, ज्याचा व्यापार हंगामाचा आहे, त्याने मुलाची जबाबदारी न घेता उपक्रमाचे साहित्य जमविणे, हिशेब ठेवणे, वाहन देणे अशी अन्य सेवा करावी. नकार देण्यात कमीपणा नाही. होकार देऊन तीन महिन्यांत थांबण्यात मुलाची हानी आहे.

दुसरे, दर पाच-सहा जोड्यांमागे एक समन्वयक असावा. महिन्यातून एकदा त्याने स्वयंसेवकाशी, पालकांशी आणि मुलाशी वेगवेगळे बोलावे. ‘भेट झाली का?’ एवढा प्रश्न पुरेसा नाही. ‘कशाचा त्रास होतो आहे?’ हेही विचारावे. मूल अबोल आहे, सतत पैसे मागते, दोनदा सांगूनही आले नाही, अशा कारणांनी चांगला स्वयंसेवक मनातल्या मनात खचतो. आपलेच काही चुकते आहे असे समजून तो गप्प राहतो आणि एक दिवस येणे थांबवितो. त्या आधीचा एक दूरध्वनी पुष्कळदा जोडी वाचवितो.

तिसरे, दोन महिन्यांतून एकदा सर्व मार्गदर्शक मित्रांची बैठक व्हावी. तेथे भाषणे नसावीत. अडचणींची देवाणघेवाण असावी. निवृत्त शिक्षक, बालरोगतज्ज्ञ, अंगणवाडी सेविका यांना प्रश्नोत्तरांसाठी बोलवावे. प्रत्येकापाशी एक साधी वही असावी आणि तीत तारीख, वेळ, काय केले, मूल काय म्हणाले, एवढे चार ओळींत लिहावे. वर्षअखेरीस हीच वही त्या नात्याची साक्ष होते.

चौथे, भेटवस्तू व पैसा यांविषयी नियम आधीच ठरवावा. मुलाच्या घरी पैशाची नड निर्माण झाल्यास स्वयंसेवकाने परस्पर रक्कम देऊ नये, संस्थेकडे सांगावे. एकदा पैसा मध्ये आला की मैत्रीचे रूप पालटते आणि आईलाही संकोच वाटू लागतो. आईचा मान राखणे हा तर या कार्याचा पाया आहे. मार्गदर्शक मित्र पालकांची जागा घेण्यासाठी येत नाही, याची जाणीव त्याच्या प्रत्येक वाक्यात दिसली पाहिजे.

सुरक्षिततेचे भान

परक्या मोठ्या माणसाला मुलाजवळ आणणे ही जोखमीची गोष्ट आहे. ओळखीचा माणूस आहे, चांगल्या घरातला आहे, एवढ्यावर विसंबून चालणार नाही. दिल्ली सरकारने २०२१ साली ‘देश के मेंटॉर’ हा मोठा उपक्रम सुरू केला. थोड्याच काळात राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मुलांच्या सुरक्षिततेविषयी आक्षेप घेऊन, त्रुटी दूर होईपर्यंत तो थांबविण्याची शिफारस केली. यातून प्रत्येक संस्थेने बोध घ्यावा. ओळखपत्रे, दोन परिचितांचे अभिप्राय, पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी आणि पालकांची लेखी संमती या गोष्टी सर्वांसाठी समान असाव्यात. विश्वस्तांच्या नातेवाइकांनाही त्यांत सूट नसावी. भेटी चारचौघांच्या नजरेत येईल अशाच ठिकाणी व्हाव्यात : ग्रंथालय, सभागृह, मैदान. मुलाचे छायाचित्र आणि त्याच्या घरची कहाणी कोणत्याही पत्रकात वा समाजमाध्यमावर येऊ नये.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजेच ‘पोक्सो’, प्रत्येक स्वयंसेवकाला समजावून सांगावा. अशा अपराधाची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे या कायद्याने बंधनकारक केले आहे. संस्थेतील हाताखालच्या माणसाने केलेला अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. समाजाची अब्रू राखण्यासाठी गोष्ट आपसात मिटविणे म्हणजे मुलाचा विश्वासघात करणे होय.

हाताशी असलेली साधने

साधनांसाठी फार खर्च करण्याची आवश्यकता नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही संगणकावर वाचावयास उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीतील सचित्र गोष्टी वाचता व छापता येतात. टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी करण्याची कृती अरविंद गुप्ता यांनी आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. काड्यापेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि जुनी वर्तमानपत्रे एवढ्या सामग्रीवर कित्येक रविवार आनंदात जातात.

संकटसमयीची साधने प्रत्येक स्वयंसेवकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावीत. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली चाइल्डलाइन १०९८ ही सेवा २०२३ पासून शासनाकडे आली असून ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. मनाच्या तक्रारींसाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा आहे. स्वयंसेवकानेही मन जड झाल्यास तिचा उपयोग करून घ्यावा. त्यात संकोच बाळगू नये.

आर्थिक आधारासाठी केंद्र शासनाच्या ‘मिशन वात्सल्य’ अंतर्गत पात्र बालकाला दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. अनाथ मुले, विधवा वा परित्यक्ता मातांची मुले, गंभीर आजाराने ग्रासलेल्या पालकांची मुले यांचा त्यात विचार होतो. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजनाही आहे. यांचे अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावे लागतात. दाखले गोळा करण्यासाठी कामावर खाडा करणे त्या मातांना परवडत नाही. त्यांच्याबरोबर दोन वेळा कचेरीत जाणारा माणूस त्यांच्यासाठी देणगीदाराइतकाच मोलाचा ठरतो.

निरोप कसा घ्यावा

प्रत्येक नात्याला कधीतरी वळण येते. स्वयंसेवकाचे लग्न ठरते, नोकरी बदलते, मूल पुढील शिक्षणासाठी अन्यत्र जाते. यात गैर काही नाही. न सांगता नाहीसे होणे मात्र गैर आहे. म्हणूनच सहा मानकांतील अखेरचे मानक ‘समारोप’ हे आहे. निदान महिनाभर आधी मुलाला कारण सांगावे आणि त्यात त्याचा काही दोष नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे. शेवटच्या दोन-तीन भेटींत दोघांनी मिळून वर्षाची वही वाचावी, मुलाने काय काय साध्य केले त्याची यादी करावी. पुढे पत्र पाठविणार असाल तरच तसे सांगावे. जे पाळता येणार नाही, ते निरोपाच्या भरात बोलू नये. समन्वयकाने नंतरही काही महिने त्या मुलाची भेट घेत राहावे.

आवाहन

सुवर्णमहोत्सवाच्या उत्साहात मोठे संकल्प सोडण्याचा मोह स्वाभाविक असतो. शंभर मुले दत्तक, दोनशे मुले दत्तक, असे फलक लावणे सोपे आहे. आजवरचा अनुभव मात्र सांगतो की, आरंभ लहान असावा. पहिल्या वर्षी दहा जोड्या, दोन समन्वयक आणि एक अनुभवी शिक्षक एवढेच पुरे. सुरुवातीचे दोन महिने केवळ स्वयंसेवकांची पारख व प्रशिक्षण यांना द्यावेत. वर्षअखेरीस दहापैकी किती जोड्या टिकल्या, हा आकडा अहवालात प्रामाणिकपणे छापावा. आठ टिकल्या तर दोन का मोडल्या, याची चर्चा व्हावी आणि मगच पुढील वर्षी जोड्या वाढवाव्यात. निधीतील काही वाटा समन्वयकाचा प्रवासखर्च, दूरध्वनी व प्रशिक्षण यांसाठी राखून ठेवावा. दानशूर मंडळींना हा खर्च दिसत नाही, त्यावर नावही कोरता येत नाही. तरीही सारे कार्य त्याच्यावरच उभे राहते.

उपस्थितांपैकी जे कोणी नाव नोंदवू इच्छितात, त्यांनी आज घरी जाऊन प्रथम दिनदर्शिका पाहावी. पुढील वर्षातील सणवार, लग्नसराई, यात्रा, परीक्षा, दुकानाचा हंगाम हे सर्व वजा करून मुलासाठी किती रविवार उरतात, ते मोजावे. महिन्याला दोन-तीन रविवार खात्रीने निघत असतील, घरच्यांची संमती असेल, तरच अर्ज भरावा. निघत नसतील, तर समन्वयकाच्या मदतीला यावे. ती सेवाही तितकीच मोलाची आहे. कारण ज्या दिवशी एखादे मूल ठरलेल्या वेळी सभागृहाच्या पायरीवर येऊन बसेल, त्या दिवशी त्याला आपल्या वर्गणीची पावती नको असेल. त्याचे डोळे रस्त्याकडे लागलेले असतील आणि त्याच्या दादाने वा ताईने तेथे वेळेवर पोहोचलेच पाहिजे.